उशाखालची गोळी

(आकाशवाणीवरील आरोग्यविषयक भाषणाचा संपादित मजकूर)



घरात कुणाला रक्तदाबाची गोळी सुरू झाली की आठ दिवसांत ती गोष्ट साऱ्या भावकीला ठाऊक होते. साखरेच्या गोळीचंही तसंच. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले दोन पाहुणे एकमेकांच्या गोळ्यांची नावं अगदी मोकळेपणानं विचारतात. झोपेच्या गोळीचं मात्र तसं नाही. ती उशाखाली असते, साडीच्या घडीत असते, नाहीतर चष्म्याच्या डबीत. नवऱ्याची गोळी बायकोला माहीत असते, पण मुलाला नसते. आणि गुडघ्यासाठी, पोटासाठी आपण ज्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो, त्यांनाही पुष्कळदा ती सांगितलेली नसते. आज मी बोलणार आहे ते या न सांगितल्या जाणाऱ्या गोळीबद्दल.

सुरुवात आपल्याच भागातल्या एका आठवणीपासून करू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा कोपली. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर चढलं. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. पुढे २०२१ च्या जुलैत सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव या गावांवर दरडी कोसळल्या. अशा संकटानंतर माणसाची झोप उडते. पत्र्यावर पाऊस वाजला तरी दचकून जाग येते, रात्रीतून चार वेळा उठून दारात पाणी आलंय का ते बघावंसं वाटतं. हे वेड नव्हे आणि लगेच आजारही नव्हे. घाबरलेलं मन राखण करत असतं. बहुतेकांची ही अवस्था काही आठवड्यांत हळूहळू निवळते.

पण तेवढा धीर निघत नाही. कुणीतरी म्हणतं, 'एक गोळी घे, गाढ झोपशील.' गोळी लागू पडते, आणि मग ती रोजची होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये याबाबत स्पष्ट मार्गदर्शन केलं आहे. मोठ्या आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात, केवळ भीती आणि निद्रानाश यांसाठी या जातीच्या गोळ्या देऊ नयेत, असं ते सांगतं. धीर देणारी माणसं, सुरक्षित निवारा, ठरलेला दिनक्रम आणि गरज असेल तर समुपदेशन यांचा त्या दिवसांत जास्त उपयोग होतो.

पूर हे एक निमित्त झालं. घरातला मृत्यू, ऑपरेशन, डोक्यावरचं कर्ज, मुलीचं मोडलेलं लग्न, मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेल्या माणसाचं रिकामपण, अशी कितीतरी निमित्तं असतात. गोळी आठवड्याभरासाठी लिहून दिलेली असते. निमित्त सरतं आणि गोळी तेवढी मागे राहते. दहा दहा, पंधरा पंधरा वर्षं ती घेणारी माणसं सातारा-सांगलीकडच्या गावागावांत आहेत.

ही गोळी आली कुठून?

झोपेचं औषध माणूस फार पूर्वीपासून शोधतो आहे. १९०३ पासून बार्बिट्युरेट जातीची औषधं बाजारात आली. ती झोप आणत, पण योग्य मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडं होतं. त्यामुळे डॉक्टरही धास्तावलेले असत. हॉफमन-ला रोश या कंपनीत काम करणारे लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञांनी नव्या जातीचं औषध शोधलं. १९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड आणि १९६३ मध्ये डायझेपाम बाजारात आलं. जुन्या औषधांच्या मानानं ही पुष्कळच सुरक्षित होती. जगभर त्यांचं स्वागत झालं. आपल्याकडे १९६९ मध्ये रॅनबॅक्सी कंपनीनं डायझेपाम 'काम्पोज' या नावानं आणली, आणि बघता बघता तो शब्द घरगुती झाला. 'फार विचार करू नकोस, काम्पोज घे' असं बोलणं आपल्यापैकी अनेक ज्येष्ठांनी ऐकलं असेल.

या कुळाला बेंझोडायझेपिन म्हणतात. आज आपल्याकडे जास्त चालतात त्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम. एटिझोलाम त्यांची अगदी जवळची बहीण. झोल्पिडेम वेगळ्या घरची असली तरी मेंदूत त्याच ठिकाणी काम करते. ओळखायची एक सोपी खूण सांगतो. पाकिटावर बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं. त्याच्या शेवटी 'झेपाम' किंवा 'झोलाम' असेल, तर ती बहुतेक याच कुळातली. मात्र एस्सिटॅलोप्रामसारख्या नावातला 'प्राम' वेगळा आहे. ती उदासीनतेवरची आणि चिंतेवरची गोळी, तिची जात वेगळी.

हे वेगळेपण नीट समजून घ्या. 'मनाच्या डॉक्टरांच्या सगळ्या गोळ्या झोपेच्याच असतात' हा समज चुकीचा आहे. उदासीनतेवरच्या, स्किझोफ्रेनियावरच्या, फिट्सवरच्या गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात आणि त्या घेतल्यानं माणसं उभी राहतात. आजचं भाषण ऐकून कुणीही अशी गोळी परस्पर बंद करू नये.

घाटातला ट्रक

ही औषधं काम कशी करतात? आपल्या मेंदूत 'गाबा' नावाचं एक रसायन असतं. मेंदूची धावपळ आवरणं हे त्याचं काम. बेंझोडायझेपिन या गाबाचा जोर वाढवतात. म्हणून भीती कमी होते, स्नायू सैलावतात, झोप येते, चालू असलेली फिटही थांबते.

खंबाटकीचा घाट उतरणारा ट्रक डोळ्यांपुढे आणा. उतारावर ब्रेक लागतोच. पण समजा, ड्रायव्हरनं महिनोन् महिने ब्रेकवरचा पाय काढलाच नाही, आणि त्या ब्रेकला पुरून उरायचं म्हणून इंजिन आपला जोर वाढवत गेलं. खऱ्या ट्रकचं तसं होत नाही, पण मेंदूचं नेमकं तसंच होतं. रोज बाहेरून ब्रेक मिळतोय म्हटल्यावर तो स्वतःचा ब्रेक ढिला करतो आणि वेग वाढवतो. पहिल्यांदा निम्म्या गोळीत लागणारी झोप मग एका गोळीत लागेनाशी होते. आणि एखाद्या दिवशी गोळी अचानक बंद केली, तर ब्रेक नसलेली गाडी उतारावर सुटावी तशी अवस्था होते. छातीत धडधड, घाम, हाताला कंप, चिडचिड, जिवाची घालमेल, सलग दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. मात्रा मोठी असेल आणि गोळी बरीच वर्षं चालू असेल, तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं.

इथेच माणूस फसतो. गोळी थांबवली, झोप उडाली, म्हणून तो म्हणतो, 'बघा, मला गोळीची गरज आहेच.' पण ती उडालेली झोप पुष्कळदा मूळच्या निद्रानाशाची नसते. गोळी सुटल्याचा तो परिणाम असतो. ही गोष्ट समजली नाही, म्हणून कित्येकांनी दोन रात्रींत हार मानून पाकीट पुन्हा उघडलं आहे.

इथे सवय लागणं म्हणजे व्यसनी होणं नव्हे. डॉक्टरांनी दिलेली निम्मी गोळी वीस वर्षं इमानानं घेणारी आजी व्यसनी नाही. तिनं मात्रा चोरून वाढवलेली नाही. पण तिच्या शरीराला गोळीची सवय झाली आहे, आणि ती सवय शरीराची आहे, स्वभावाची नाही. म्हणून अशा माणसाला घरात बोल लावू नये. म्हणूनच ही औषधं निव्वळ झोपेसाठी द्यायची झाली तर दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत, असा सर्वसाधारण संकेत आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये या कुळातल्या प्रत्येक औषधावर सवय आणि ती सुटतानाच्या त्रासाबद्दल ठळक इशारा छापणं बंधनकारक केलं.

याचा अर्थ औषध वाईट आहे असा नाही. न थांबणारी फिट थांबवायला, दारू सोडताना होणारा थरकाप आणि भ्रम आवरायला, ऑपरेशनआधी, धनुर्वातात, भीतीच्या तीव्र झटक्यात या औषधांनी असंख्य जीव वाचवले आहेत. प्रश्न आहे तो मुदतीचा.

वय आणि गोळी

साठी-पासष्टी ओलांडलेल्यांनी पुढचं जरा लक्ष देऊन ऐकावं. वयाबरोबर यकृत मंदावतं आणि औषध शरीराबाहेर जायला वेळ लागतो. डायझेपामचा अंश तरुण माणसातही दिवसेंदिवस रेंगाळतो. म्हाताऱ्या शरीरात कालची गोळी शिल्लक असतानाच आजची पोटात जाते. रात्री लघवीला उठलं की तोल जातो, अंगणातल्या पायरीवर पाय चुकतो, खुब्याचं हाड मोडतं. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं पुढे काय होतं, ते मिरजेच्या दवाखान्यांत ज्यांनी आपली माणसं नेली आहेत त्यांना मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट विसराळूपणाची. सकाळी अकरापर्यंत आजोबा पेंगतात, तेच तेच विचारतात, जिभेला जडपणा येतो. घरचे म्हणतात, 'वय झालं.' काही वेळा खरंच स्मृतिभ्रंश असतो. पण काही वेळा ती रात्रीची गोळी बोलत असते, आणि ती हळूहळू कमी केली की माणूस पुष्कळ तरतरीत होतो. मार्क बीअर्स या अमेरिकन डॉक्टरांनी १९९१ मध्ये वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. ती वेळोवेळी सुधारली जाते, आणि आजच्या यादीतही हे सगळं कुळ आहे.

झोल्पिडेमबद्दल दोन शब्द. ती लवकर उतरते म्हणून निर्धोक, असं मानलं जाई. पण स्त्रियांच्या रक्तात ती सकाळीही पुरेशी शिल्लक राहते, असं दिसल्यावर अमेरिकेत २०१३ मध्ये स्त्रियांसाठी सुरुवातीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली गेली. झोपेतच चालणं, स्वयंपाक करणं, गाडी काढणं असे प्रकार काही जणांत घडल्यामुळे २०१९ मध्ये तिच्यावरही ठळक इशारा आला. सकाळी सहाला दुधाची गाडी काढणाऱ्यानं, कारखान्यावर ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरचालकानं ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसांना, जुना दमा किंवा फुप्फुसाचा विकार असणाऱ्यांना, यकृत बिघडलेल्यांना या गोळ्या जास्त बाधतात. गरोदर स्त्रीनं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही घेऊ नये. शेवटच्या महिन्यांत घेतल्यास बाळ जन्मतः मलूल असू शकतं. पण आधीपासून चालू असेल तर घाबरून एकदम बंदही करू नये.

कोणाशी जुळत नाही?

पहिला नंबर दारूचा. दारू आणि ही गोळी दोन्ही मेंदूला एकाच बाजूनं दाबतात. एकत्र आल्या की श्वास मंदावतो, आणि झोपलेला माणूस उठेलच याची खात्री राहत नाही. 'आज दोनच घेतलेत, गोळी चालेल' हा हिशेब करू नये.

दुसरा नंबर तीव्र वेदनाशामकांचा. ट्रॅमाडॉल कंबरदुखी-गुडघेदुखीसाठी सर्रास लिहिली जाते. कोडीन खोकल्याच्या काही औषधांत असतं. ही अफूच्या जातीची औषधं. झोपेच्या गोळीबरोबर ती घेतल्यास श्वास थांबण्याचा धोका असतो, म्हणून अमेरिकेत २०१६ मध्ये दोन्हींवर तसा इशारा छापला गेला. मधुमेहात पायांची आग होते म्हणून दिली जाणारी प्रीगॅबालिन, सर्दीवरची क्लोरफेनिरामिन या गोळ्याही गुंगी वाढवतात. संध्याकाळी सर्दीची एक, आगीची एक आणि झोपेची एक अशा तीन घेतल्या, तर सकाळी माणूस उठून बसेल पण सावध नसेल.

तिसरा प्रकार लक्षात यायला अवघड. काही औषधं यकृताला अडवून ठेवतात, त्यामुळे तीच झोपेची गोळी दुपटीनं चढते. गजकर्णासाठी आपल्याकडे इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल महिना-महिना घेतल्या जातात. त्या अल्प्राझोलामबरोबर घेऊ नयेत. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकंही तसंच करतात. पित्तासाठीची ओमेप्राझोल डायझेपामचा अंश वाढवते. याच्या उलट क्षयावरची रिफाम्पिसिन. तिच्यामुळे झोपेची गोळी झपाट्यानं नाहीशी होते. रुग्णाला वाटतं, गोळी लागू पडत नाही, म्हणून तो मात्रा वाढवतो. क्षयाचा कोर्स संपला की तीच वाढलेली मात्रा अंगावर येते.

आणि एक आडवाटेनं घरात शिरणारी गोळी आहे. पोटाच्या मुरड्यासाठी, 'टेन्शनच्या पित्तासाठी' म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड मिसळलेलं असतं. रुग्ण शपथेवर सांगतो की मी झोपेची गोळी घेत नाही, आणि तो खोटं बोलत नसतो. धडधडीसाठीच्या काही गोळ्यांत अल्प्राझोलाम किंवा एटिझोलामबरोबर प्रोप्रानोलॉल असतं. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रानोलॉलमुळे जोराचा दमा लागू शकतो. शेजाऱ्याची 'टेन्शनची गोळी' उसनी घेणाऱ्यानं एवढं तरी आठवावं.

'आयुर्वेदिक आहे, काही होत नाही' असंही म्हटलं जातं. अश्वगंधेसारख्या वनस्पतीही गुंगी वाढवू शकतात. आयुर्वेदिक औषध वैद्याकडून घ्यावं आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांना दोन्हीकडचं सांगावं. नाव-गाव नसलेल्या पुडीतली भुकटी घेऊच नये.

मेडिकल दुकान आणि चिठ्ठी

कायद्याचं काय? ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, झोल्पिडेम ही १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' या अनुसूचीत आहेत. पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो. दुकानदारानं वेगळ्या वहीत डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहायची आणि ती वही तीन वर्षं जपायची असते.

नियम चांगला आहे. पण पाच वर्षांपूर्वीची चिठ्ठी, तिला घडीवर चिकटपट्टी लावलेली, ती घेऊन नातू दुकानात जातो आणि गोळ्या घेऊन येतो, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मेडिकलवाला नाही म्हणाला तर त्याच्यावर रागावू नका. तो नियम पाळतो आहे आणि तुमचं भलंही करतो आहे.

या ढिलाईचं दुसरं टोक किती भयंकर असतं ते मालेगावनं पाहिलं आहे. यंत्रमागांच्या त्या शहरात अल्प्राझोलामची गोळी 'कुत्ता गोळी' या नावानं नशेसाठी विकली जाते, आणि पोलिसांना तिच्यावर पुन्हा पुन्हा कारवाई करावी लागली आहे. छत्रपती संभाजीनगरात अशाच गोळ्यांना 'बटन' म्हणतात. आपल्या सांगली-मिरजेतही नशेच्या गोळ्या पकडल्याच्या बातम्या येतात. ज्या गोळीनं आजीला झोप लागते, तीच ही गोळी. म्हणून घरातल्या पाकिटातल्या गोळ्या मोजलेल्या असाव्यात आणि पाकीट कुलपात असावं. लहान मुलांच्या हाती ती लागू नये यासाठीही, आणि घरात कुणी फार निराश असेल तर त्याच्यासाठीही.

शेजारच्या तेलंगणात घडलेली घटना तर डोळे उघडणारी आहे. तिथे ताडीत अल्प्राझोलामची भेसळ होत असे. पिणाऱ्यांना पत्ताच नव्हता. सप्टेंबर २०१५ मध्ये सरकारनं भेसळीविरुद्ध जोरदार मोहीम उघडली. भेसळ थांबली आणि निजामाबाद, महबूबनगर भागातली माणसं दवाखान्यांत येऊ लागली. कुणाला कंप, कुणाला फिट, कुणी असंबद्ध बडबडतंय. विष बंद केलं ते योग्यच केलं. पण शरीर ज्याला सरावलं आहे ते एका दिवसात काढून घेतलं की काय होतं, ते तिथे गावच्या गावांनी अनुभवलं.

सोडायची कशी?

म्हणून श्रोतेहो, आजच्या बोलण्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा : बरेच दिवस चालू असलेली झोपेची गोळी उद्यापासून एकदम बंद करू नका.

ती उतरवायची पायरी पायरीनं. घाट उतरतो तशी. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल इथे हेदर ॲश्टन या प्राध्यापक डॉक्टरांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं केवळ ही गोळी सोडू पाहणाऱ्यांसाठी दवाखाना चालवला. त्यांच्या अनुभवाचा सारांश असा, की गती रुग्णाच्या सोयीनं ठरवावी आणि घाई करू नये. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांनी एकत्रितपणे काढलेल्या सूचनाही त्याच धर्तीच्या आहेत. दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के मात्रा कमी करून सुरुवात करावी. कधी डॉक्टर झटकन उतरणाऱ्या गोळीच्या जागी सावकाश उतरणारी गोळी देऊन मग ती कमी करतात. सहा महिने लागतील, वर्ष लागेल. एखाद्या पायरीवर त्रास झाला तर तिथेच थांबावं, पण उलट वर चढू नये. आणि हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली. फिट्सचा आजार असणाऱ्यांनी, दारू पिणाऱ्यांनी, मोठी मात्रा घेणाऱ्यांनी तर घरच्या घरी प्रयोग करूच नये.

'या वयात आता काय सुटणार?' असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी कॅनडातला एक अभ्यास सांगतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६५ वर्षांवरच्या ३०३ जणांना घेतलं होतं. काही वर्षानुवर्षं गोळी घेणारे होते. त्यातल्या निम्म्या गटाला एक साधी पुस्तिका दिली. गोळीचे धोके काय, पर्याय काय आणि मात्रा पायरीनं कशी उतरवायची, एवढंच तिच्यात होतं. सहा महिन्यांनी पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण सोडली होती. न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. नुसती नीट माहिती मिळाली तरी शंभरातली सत्तावीस माणसं मोकळी झाली.

गोळीऐवजी काय?

झोप सुधारता येते. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून गोळी नव्हे, तर सवयी आणि विचार बदलण्याची पद्धत सुचवली आहे. तिचा गाभा आपल्याला घरी पाळता येण्याजोगा आहे. सकाळी उठायची वेळ रोज एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. झोप आल्यावरच अंथरुणावर जा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर तळमळत पडू नका, उठा, मंद दिव्यात काहीतरी शांत काम करा आणि डोळे जड झाले की परत या. दुपारची झोप बंद, फार तर अर्ध्या तासाची डुलकी. चार वाजल्यानंतर चहा नको. मोबाईल दुसऱ्या खोलीत. आणि सत्तरीच्या माणसाला विशीतली झोप येत नाही, हे मान्य करा. रात्री आठला अंग टाकलं तर पहाटे दोनला जाग येणारच, तो निद्रानाश नव्हे.

कधी कारण घराबाहेर असतं. शेतीची वीज रात्रीची असली की मोटर चालू करायला शेतकरी अंधारात रानात जातो. कारखान्याच्या हंगामात पाळ्या बदलतात. अशा माणसाला गोळी देऊन काय साधणार? त्याच्या झोपेची वेळ सांभाळायला घरच्यांनी मदत करायला हवी. आणि कधी मागे दुखणं असतं. उदासीनता, थायरॉइड, रात्रीची लघवी, घोरणं, सांधेदुखी. ते शोधून बरं केलं की झोप आपल्या पायांनी येते.

मदत लांब नाही. साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कऱ्हाडचं कृष्णा रुग्णालय अशा ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. दारूचा प्रश्न जोडीला असेल तर डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात सुरू केलेली 'परिवर्तन' ही व्यसनमुक्तीची संस्था आहे. घराबाहेर पडणं अवघड असेल, रात्री-अपरात्री जीव नकोसा वाटत असेल, तर केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेली-मानस' सेवा आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

डॉक्टरांना पाच प्रश्न विचारायला संकोचू नका. ही गोळी नेमकी कशासाठी? किती दिवस? थांबवायची कशी? माझ्या बाकीच्या औषधांशी तिचं जुळतं का? गोळीशिवाय दुसरं काही करता येईल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाही.

आणि आज संध्याकाळी एक काम करा. घरातल्या सगळ्यांच्या सगळ्या गोळ्या एका ताटात काढा. त्यांची मूळ नावं एका कागदावर लिहा, कोण घेतं आणि कधीपासून तेही लिहा. तो कागद पुढच्या वेळी डॉक्टरांपुढे ठेवा. उशाखालची गोळीही त्या ताटात येऊ द्या. कुणी तिच्यासाठी कुणाला बोलू नका, फक्त ती सर्वांना माहीत असू द्या.